कॉलेज बास्केटबॉलमध्ये चौकशी लागली की रिक्रूटिंगचं काय होतं: नवख्या मंडळींसाठी स्टेप बाय स्टेप

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझा भाचा एमएस करायला कॅन्सस युनिव्हर्सिटीत, म्हणजे लॉरेन्सला आला. बास्केटबॉलचा गंध नव्हता पण त्या गावात राहून त्यातून सुटका नाही, दुसऱ्याच आठवड्यात पठ्ठ्याने जर्सी घेतली. आणि जेमतेम दोन महिने होतात तोवर ११ ऑक्टोबरला एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संस्था) एका जुन्या चौकशीचा निकाल आला की २०१७-१८ च्या सीझनमधले १५ विजय रेकॉर्डमधून खोडले, २०१८ ची फायनल फोर (मार्चमधल्या देशपातळीच्या टुर्नामेंटचे शेवटचे चार) गेली, बॅनर खाली. रात्री फोन, "मामा, मॅचेस २०१८ च्या आणि शिक्षा २०२३ ला? मग ती पोरं कुठेयत आता?"

प्रश्न एकदम बरोब्बर होता. या विषयात नवीन माणूस नेहमी "शिक्षा काय होणार" हे विचारतो, आणि मी इतकी वर्षं बघतोय तर माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षा काय यापेक्षा ती कधी येणार हा प्रश्न रिक्रूटिंगसाठी दहापट मोठा आहे. खरं नुकसान निकालाने होत नाही, निकालाची वाट बघण्यात होतं. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यात जे सांगितलं तेच इथे ओळीने लिहितोय. अमेरिकेत नवीन आलेल्या, टीम नुकतीच धरलेल्या लोकांसाठी आहे, जुन्या खोडांनी सरळ स्टेप ६ वर जावं.

स्टेप १: रिक्रूटिंग म्हणजे स्थळं बघणं, हे आधी डोक्यात बसवा

आपल्याकडच्या लग्नाच्या बोलण्यांसारखंच आहे हे सगळं. कोच पोराच्या घरी जातो, आईशी गोड बोलतो, मग पोरगं कॉलेज बघायला येतं, ती ऑफिशियल व्हिजिट असेल तर खर्च कॉलेजचा आणि अनऑफिशियल असेल तर घरच्यांचा. मग पोरगं "मी येतो" म्हणतं, त्याला कमिट होणं म्हणतात, पण हा नुसता तोंडी होकार, फार तर सुपारी फुटली म्हणा, मोडता येतो आणि मोडला तर त्याला डिकमिट म्हणतात. सही झाली की मात्र लग्न. आधी यासाठी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असायचा, सही केल्यावर कॉलेजने सोडल्याशिवाय पोराला सहज दुसरीकडे जाता यायचं नाही, तो कागद २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला आणि आता थेट स्कॉलरशिपच्या किंवा पैशाच्या करारावर सही होते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, टीम छोटी. वर्षानुवर्षं १३ स्कॉलरशिप होत्या, आता नव्या व्यवस्थेत (ती स्टेप ९ ला सांगतो) गेलेल्या कॉलेजांना १५ जणांचं रोस्टर, म्हणजे टीमची यादी. फुटबॉलसारखी शंभराच्या घरातली पोरं नाहीत, त्यामुळे एक चांगला पोरगा आला किंवा गेला की सगळा सीझन इकडचा तिकडे. दुसरी, एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, नियम की ड्राफ्टमध्ये (तिथे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात) यायला १९ वर्षं पाहिजेत आणि हायस्कूल संपून एक वर्ष झालेलं पाहिजे, म्हणून सगळ्यात टॉपची पोरं कॉलेजात फक्त एक वर्ष काढतात, वन अँड डन म्हणतात त्यांना. हे "एक वर्ष" नीट धरून ठेवा.

स्टेप २: चौकशी नक्की कुणाची ते बघा

बातमीत नुसतं "इन्व्हेस्टिगेशन" असतं आणि लोक घाबरतात, पण कोण करतंय यावर सगळं आहे. एनसीएए ही कॉलेजांचीच संस्था, तिला कुणाला समन्स काढून बोलावता येत नाही, फोन टॅप करता येत नाही, तिचे सदस्य आणि त्यांचे कोच सहकार्य करायला बांधील आहेत एवढंच. बाहेरचा एजंट किंवा शू कंपनीचा माणूस म्हणाला की नाही बोलत, तर विषय संपला.

म्हणून २६ सप्टेंबर २०१७ चा तो दिवस एवढा मोठा. न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी आणि एफबीआयने दहा जणांवर केसेस जाहीर केल्या, त्यात चार असिस्टंट कोच, ऑबर्न, अ‍ॅरिझोना, ओक्लाहोमा स्टेट आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) या कॉलेजांचे. आरोप असा की फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर वगैरे लोकांकडून पैसे घेऊन कोच आपल्या खेळाडूंना त्यांच्याकडे वळवत होते, चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. दुसरी बाजू आदिदासची, की आदिदासशी करार असलेल्या कॉलेजात पोरगं यावं म्हणून घरच्यांना पैसे पोचवायचे, आणि त्यात लुईव्हिलला येणाऱ्या एका पोराच्या घरच्यांसाठी १ लाख डॉलरचा बेत होता. गंमत बघा, कोर्टात खटला असा चालला की कॉलेजांची फसवणूक झाली, कॉलेज बिचारी, तीन जण दोषीही ठरले २०१८ मध्ये, आणि त्याच पुराव्यावर मग एनसीएएने त्याच कॉलेजांना, त्यात कॅन्ससलाही, आरोपी केलं. कॅन्ससवाले अजून याच्यावर तावातावाने बोलतात, आणि खरं सांगायचं तर थोडा पॉइंट आहे त्यांचा.

आता तिसरा खेळाडू आलाय, कॉलेज स्पोर्ट्स कमिशन, त्याचं शेवटी शेवटी सांगतो.

स्टेप ३: कुठला कागद आलाय ते वाचा

पहिला कागद चौकशी सुरू झाल्याचा, नोटीस ऑफ इन्क्वायरी. याने घाबरू नका, महिनोन्महिने काही होत नाही. दुसरा नोटीस ऑफ अ‍ॅलिगेशन्स, हे आपलं आरोपपत्र. यात प्रत्येक आरोपाला लेव्हल असते, १ म्हणजे गंभीर, २ मधलं, ३ किरकोळ, कोचने चुकून जास्त मेसेज केले छाप. किती आरोप आहेत हे मोजू नका, लेव्हल १ किती आहेत ते मोजा, आणि त्यात हेड कोचचं नाव आहे का ते शोधा. कॅन्ससला सप्टेंबर २०१९ मध्ये नोटीस आली त्यात पाच लेव्हल १ होते. मग कॉलेजला उत्तर द्यायला ९० दिवस, मग सुनावणी, मग निकाल, मग अपील.

मोठ्या केसेस लवकर निपटाव्यात म्हणून २०१८ मध्ये कॉन्डोलीझा राइस यांच्या कमिशनने रिपोर्ट दिला आणि एक वेगळं स्वतंत्र मंडळ निघालं, आयएआरपी, ज्याच्या निकालावर अपील नाही. लवकर म्हणून काढलं आणि झालं काय तर त्याच्याकडे गेलेल्या सहा केसेस, मेम्फिस, नॉर्थ कॅरोलिना स्टेट, लुईव्हिल, अ‍ॅरिझोना, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि कॅन्सस, एवढ्या रेंगाळल्या की शेवटचा निकाल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लागला आणि ते मंडळच गुंडाळलं. आपल्याकडे म्हणतात ना शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तसं.

स्टेप ४: पहिल्या धक्क्यात कोण पळतं ते बघा

बातमी फुटली की पहिल्या काही दिवसात तोंडी होकारवाले सुटतात, कारण त्यांना अडवणारं काहीच नसतं. लुईव्हिलमध्ये बातमीनंतर लगेच कोच रिक पिटिनोला बाजूला केलं, ऑक्टोबरमध्ये काढलंच, आणि होकार दिलेले अँफर्नी सायमन्स आणि कोर्टनी रेमी दोघंही गेले. सायमन्स तर पुढे कॉलेजच खेळला नाही, २०१८ ला सरळ एनबीएत पोर्टलंडकडे. आणि ज्याच्यावरून हे सगळं उठलं तो ब्रायन बोवेन, त्याला कॉलेजची एकही मॅच खेळायला मिळाली नाही, लुईव्हिल सुटलं, साउथ कॅरोलिनाला गेला तिथेही नाही, शेवटी ऑस्ट्रेलियात सिडनीकडून खेळला. मोठ्यांच्या भानगडीत पोरगं भरडलं म्हणतात ते हे.

अ‍ॅरिझोनाचं बघा म्हणजे धक्का कसा पसरतो ते कळेल. २०१७ च्या अटकेनंतर जाहव्हॉन क्विनर्ली होकार मोडून पुढे व्हिलानोव्हाला गेला. मग २३ फेब्रुवारी २०१८ ला रात्री ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनेलची बातमी आली की एफबीआयच्या टॅपवर हेड कोच शॉन मिलर पैशाबद्दल बोलताना आहे, मिलरने ठाम नकार दिला, त्याच्यावर कधी केसही झाली नाही, पण दुसऱ्याच दिवशी एनबीएचा जुना स्टार शॅकिल ओनीलचा पोरगा शरीफ डिकमिट होऊन यूसीएलएकडे वळला. ब्रँडन विल्यम्स पण सुटला, आणि मे महिन्यात परत आला! म्हणून सांगतो, डिकमिटची पहिली यादी बघून लगेच सुतक पाळू नका. सही केलेले किती राहिले आणि गेलेल्यातले किती परत फिरले हे मे-जूनमध्ये मोजायचं.

स्टेप ५: निगेटिव्ह रिक्रूटिंग ओळखायला शिका

स्थळाच्या बाबतीत कसं, "मुलगा चांगला आहे हो, पण त्यांच्या घरात वाटण्यांची केस चालू आहे म्हणे", एवढं वाक्य कुणी पेरलं की बास. इथे समोरच्या कॉलेजचा कोच तेच करतो, दिवाणखान्यात बसून म्हणतो मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही, पण तुमचा मुलगा तिथे गेला आणि त्यांना मार्चच्या टुर्नामेंटवर बंदीच आली तर? यावर चौकशीतल्या कोचकडे सांगायला काही नसतं, कारण चालू केसबद्दल त्याने बोलायचं नाही असं वकील बजावून ठेवतात. आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. "काही होणार नाही" म्हणाला आणि झालं तर खोटा, "होईल बहुतेक" म्हणाला तर पोरगं गेलं.

म्हणून मी म्हणतो की शिक्षा कडक पण लगेच आली तर कोचला ती परवडते. एक वर्ष टुर्नामेंट नाही, ठीक आहे, पुढच्या वर्षीच्या पोराला छातीठोक सांगता येतं की झालं गेलं संपलं. लटकती तलवार मात्र कुणालाच विकता येत नाही.

स्टेप ६: दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवा

हे जमलं तर बाकी नाही जमलं तरी चालेल.

एका बाजूला चौकशीचं कॅलेंडर, चार-पाच-सहा वर्षांचं. दुसऱ्या बाजूला पोराचं कॅलेंडर, आणि ते प्रत्येक पोराचं वेगळं. टॉपच्या वन अँड डन पोराचं कॅलेंडर आठ महिन्यांचं, तो ऑगस्टला येतो आणि एप्रिलला जातो. त्याला फक्त एवढंच विचारायचं असतं की माझ्या मार्चमध्ये बंदी आहे का नाही. नसली तर पुढच्या वर्षी कॉलेज बुडो की तरो.

म्हणूनच अ‍ॅरिझोना, डोक्यावर केस असताना, २०१९ ला निको मॅनियन, जॉश ग्रीन आणि झीक नाजी असे तिघं घेऊन आलं, देशातल्या वरच्या बॅचपैकी एक, आणि तिघंही २०२० ला एनबीए ड्राफ्टमध्ये गेले. नवीन लोकांना हे कळतच नाही की अरे चौकशी चालू आहे तर पोरं येतायत कशी. येतात, कारण चौकशी हळू आहे. फटका बसला तो नंतरच्यांना, २०२०-२१ चा सीझन चालू असतानाच डिसेंबरअखेर अ‍ॅरिझोनाने स्वतःहून टुर्नामेंटची बंदी लावून घेतली आणि त्या वर्षीच्या पोरांचा मार्च गेला. पण त्या टीममध्ये कोण होतं बघा, मॉन्ट्रियलचा मॅथुरिन, एस्टोनियाचा क्रिसा, लिथुएनियाचा टुबेलिस. माझं मत असं की हा योगायोग नाही, ज्या घरात शेजाऱ्यांची कुजबुज पोचत नाही तिथलं स्थळ सोपं पडतं. मिलर एप्रिल २०२१ ला गेला, टॉमी लॉइड आला आणि यातल्याच बऱ्याच पोरांना घेऊन पहिल्याच वर्षी ३३-४, म्हणजे ३३ जिंकल्या आणि ४ हरल्या. आयएआरपीचा निकाल डिसेंबर २०२२ ला आला, तोवर मॅथुरिन एनबीएत पोचलेला, ड्राफ्टमध्ये सहावा.

ओक्लाहोमा स्टेट तर पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण आहे. जून २०२० मध्ये एनसीएएने निकाल दिला, पुढच्या सीझनची टुर्नामेंट बंद आणि काही स्कॉलरशिप कमी. एक असिस्टंट कोच, साधारण २० हजार डॉलरच्या घरातली लाच, ती खाऊन तो आधीच बाहेर. आणि कॉलेजात त्या उन्हाळ्यात कोण येणार होता? केड कनिंगहॅम, देशातला सगळ्यात वरच्या फळीतला पोरगा. सगळे म्हणाले गेला आता. तो गेला नाही. कॉलेजने अपील केलं, आणि अपील चालू असताना बंदी लागू होत नाही, त्यामुळे २०२१ च्या मार्चमध्ये टीम चौथ्या मानांकनाने टुर्नामेंट खेळली, केड जुलैमध्ये ड्राफ्टचा पहिला पिक होऊन डेट्रॉइटला गेला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अपील फेटाळलं. बंदी कुणी भोगली? २०२१-२२ च्या पोरांनी, ज्यांचा त्या लाचेशी काडीचा संबंध नव्हता. कोच माइक बॉइंटन पत्रकारांसमोर अक्षरशः भडकला होता, कारण इतर कॉलेजं आयएआरपीची वाट बघत निवांत आणि साधं सहकार्य करणारे हे सगळ्यात आधी कापले गेले.

आणि कॅन्सस. टॉपची पोरं त्या काळात यांच्याकडे पूर्वीसारखी रांगेने येईनात, हे त्यांचे फॅनच कबूल करतात, मग टीम कशावर उभी राहिली तर राहणाऱ्या पोरांवर. ओचाय अगबाजी, जवळच्याच कॅन्सस सिटीचा, कुणी फारसं न विचारलेला, ज्याला पहिलं वर्ष नुसतं बसवून ठेवायचं ठरलं होतं. क्रिस्टियन ब्राउन, राज्यातलाच. तीन-चार वर्षं एकत्र खेळून हे २०२२ ला चॅम्पियन झाले, फायनलला नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध हाफटाइमला १५ ने मागे आणि शेवटी ७२-६९. सप्टेंबर २०१९ च्या नोटिशीनंतर आणि २०२३ च्या निकालाआधी, बरोब्बर मधल्या टांगत्या काळात. म्हणजे चौकशीने रिक्रूटिंग मारलं नाही, त्याची जात बदलली. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला मग चौकशी चांगलीच की, त्याला म्हटलं बाबा एका अगबाजीमागे किती न फळलेली झाडं असतात ते मोज आधी.

स्टेप ७: शिक्षेच्या यादीत रिक्रूटिंगला लागणारी ओळ शोधा

निकालाचा कागद लांबलचक असतो, त्यातलं बरंचसं देखाव्याचं. विजय खोडणं, बॅनर उतरवणं, हे सातबाऱ्यावरून नाव कमी करण्यासारखं आहे, पण कसून खाल्लेलं पीक काही परत घेता येत नाही. लुईव्हिलची २०१३ ची चॅम्पियनशिप फेब्रुवारी २०१८ मध्ये खोडली, मोठी बातमी झाली (ते प्रकरण वेगळं होतं बरं का, हॉस्टेलमध्ये रिक्रूट पोरांसाठी नाचणाऱ्या बायका आणल्या ते), पण सतरा वर्षांच्या पोराला जुन्या बॅनरचं काय पडलंय. प्रोबेशनचंही तसंच, ऐकायला भारी, प्रत्यक्षात पुढची काही वर्षं कागद नीट ठेवा आणि परत सापडू नका.

खरं लागतं ते हे: येणाऱ्या मार्चची बंदी, स्कॉलरशिप कपात, ऑफिशियल व्हिजिटची संख्या कमी, आणि कोचला बाहेर जाऊन पोरं बघायला मनाई. शेवटचं लोक दुर्लक्षित करतात, पण जुलैमध्ये सगळे कोच जिमच्या बाकांवर रांगेत बसलेले असतात, पोराची आई मान वळवून बघते कोण आलंय, आणि तुमची खुर्ची रिकामी. कॅन्ससने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःहूनच हेड कोच बिल सेल्फ आणि त्याच्या असिस्टंटला चार मॅच बसवलं आणि रिक्रूटिंगवरही मर्यादा घालून घेतल्या. स्वतःच शिक्षा लावून घेणं ही यातली जुनी चाल आहे, आणि वर्ष निवडून लावून घेतात, ज्या वर्षी टीम तशीही बेताची त्या वर्षी. ऑबर्नने २०२०-२१ ची टुर्नामेंट अशीच सोडली आणि २०२१ ला जबारी स्मिथसारखा पोरगा घेऊन मोकळे. कॉलेजचा निर्णय त्यांनी अर्थात वेगळ्या शब्दात सांगितला, माझी नजर वाईट म्हणा.

स्टेप ८: कोच राहतो की जातो

पोरगं कॉलेजला होकार देत नाही, कोचला देतं. त्यामुळे सगळ्यात मोठी पडझड कोच गेला की होते. इंडियानाचं २००८ बघा. कोच केल्विन सॅम्पसन आधी ओक्लाहोमात असताना नियमाबाहेरचे साडेपाचशेहून जास्त फोन कॉल झाले म्हणून रिक्रूटिंगवर बंधनं घालून घेऊन आलेला, इंडियानात येऊन परत तेच फोन. फेब्रुवारी २००८ मध्ये साडेसात लाख डॉलर घेऊन बाहेर. सही केलेला डेव्हिन इबँक्स सुटून वेस्ट व्हर्जिनियाला गेला, टू हॉलोवे झेव्हियरला, आधीच्या टीममधलं जवळपास कुणी उरलं नाही, आणि इंडियानासारख्या बास्केटबॉलवेड्या राज्यातली टीम त्या वर्षी ६-२५. मग १०-२१, मग १२-२०. नोव्हेंबर २०१० ला राज्यातल्याच कोडी झेलरने होकार दिला आणि त्यानंतर गाडी रुळावर, म्हणजे धरा चार वर्षं.

सॅम्पसनला पाच वर्षांचा शो-कॉज लागला. आपली कारणे दाखवा नोटीस असते तसंच नाव, पण नोटीस जाते त्याला नोकरी देणाऱ्या कॉलेजला, की याला ठेवताय तर बंधनं का लावू नयेत ते सांगा. कोण कशाला ही कटकट घेईल, म्हणून तो एनबीएत गेला. आणि आता खरी गंमत, २०१२ च्या जूनपासून एनसीएएने फोन आणि मेसेजवरची मर्यादाच काढून टाकली! ज्या गुन्ह्यासाठी माणूस गेला तो गुन्हाच राहिला नाही. सॅम्पसन २०१४ ला ह्यूस्टनमधून कॉलेज बास्केटबॉलमध्ये परत आला आणि २०२५ ला फायनलपर्यंत गेला, फ्लोरिडाकडून दोन पॉइंटने हरला.

ब्रूस पर्लची गोष्ट पण सांगायलाच पाहिजे. टेनेसीचा कोच असताना घरी बार्बेक्यू ठेवलं, त्यात अजून बोलवायची परवानगी नसलेली हायस्कूलची ज्युनियर पोरं आली. किरकोळ गोष्ट, कबूल केलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. चौकशीवाल्यांनी फोटो दाखवला तर म्हणाला हे कुणाचं घर माहीत नाही. स्वतःचं घर! नोकरी गेली, तीन वर्षांचा शो-कॉज. यात नवीन माणसाने एवढंच धरायचं की कागदात "खोटं बोलला" किंवा "सहकार्य केलं नाही" असं दिसलं तर कोच धोक्यात, मूळ आरोप कितीही छोटा असो. आणि आता तर जानेवारी २०२३ पासून असिस्टंटने काही केलं तरी हेड कोच आपोआप जबाबदार, "मला माहीत नव्हतं" ही पळवाट बंद.

स्टेप ९: २०२१ नंतरचं गणित वेगळं आहे

वरची बरीच उदाहरणं जुन्या जगातली. १ जुलै २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवता येतात, एनआयएल म्हणतात, त्यामुळे ज्या पैशासाठी २०१७ ला अटका झाल्या तसलेच पैसे आज उजळ माथ्याने दिले जातात. पेनी हार्डवेने २०१७ मध्ये, मेम्फिसचा कोच व्हायच्या आधी, जेम्स वाइझमन या खेळाडूच्या घरच्यांना सामान हलवायला ११,५०० डॉलर दिले आणि २००८ मध्ये त्याने कॉलेजला १० लाख डॉलर देणगी दिलेली म्हणून तो बूस्टर, म्हणजे कॉलेजचा देणगीदार समर्थक, ठरला, त्यावरून वाइझमनला १२ मॅचची बंदी, पोरगं तीन मॅच खेळून निघून गेलं. आज हे वाचताना हसू येतं.

दुसरं, ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या पोरांची यादी. आधी चौकशी लागली तर आत असलेली पोरं अडकायची, कॉलेज बदललं की एक वर्ष बसायला लागायचं. २०२१ पासून एकदा बदलायला मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून कितीही वेळा. त्यामुळे आता होकारवाल्यांपेक्षा रोस्टरकडे जास्त बघा. एलएसयूला मार्च २०२२ मध्ये आरोपपत्र आलं, चारच दिवसात कोच विल वेडला काढलं आणि बघता बघता जवळपास अख्खी टीम पोर्टलमध्ये किंवा ड्राफ्टमध्ये, नवीन कोचला शून्यापासून सुरुवात. पण हीच दुधारी तलवार, कारण रिकामी टीम भरायलाही आता चार वर्षं लागत नाहीत. लुईव्हिल २०२२-२३ ला ४-२८ आणि पुढच्या वर्षी ८-२४ एवढं खोल गेलं होतं, पॅट केल्सी कोच म्हणून आला, पोर्टलमधून टीम उभी केली, २०२४-२५ ला २७-८. इंडियानाला हे २००८ मध्ये मिळालं असतं तर!

तिसरं, जून २०२५ मध्ये हाउस केसची (खेळाडूंनी पैशासाठी एनसीएएवर लावलेला खटला) तडजोड मंजूर झाली, आता कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि बाहेरचा ६०० डॉलर किंवा वरचा करार असेल तर तो तपासायला दाखवायचा. हे बघतं ते कॉलेज स्पोर्ट्स कमिशन. म्हणजे पैशाची भानगड तिकडे आणि बाकी, व्हिजिट, संपर्क, मार्कांच्या लबाड्या, सट्टा, हे एनसीएएकडे. बातमी आली की कुठल्या दारातून आली हे म्हणूनच स्टेप २ ला बघायला सांगितलं. आणि निरपराध पोरांचा मार्च घालवण्यापेक्षा दंड आणि कोचवर कारवाई करावी असा कल आलाय, लुईव्हिलला २०२२ च्या निकालात बंदी नव्हती, कॅन्ससलाही नाही. म्हणजे निगेटिव्ह रिक्रूटिंगवाल्याचं जुनं हुकमी पान थोडं बोथट झालंय.

स्टेप १०: स्वतःचाच पोरगा किंवा पोरगी असेल तर

हे थोड्याच लोकांना लागेल पण बे एरिया, न्यू जर्सी, डॅलसकडची आपली पोरं आता खेळायला लागलीत म्हणून लिहितो. बहुतेकांची बोलणी डिव्हिजन ३, म्हणजे खालच्या गटातल्या कॉलेजांशी होतात आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिपच नसते, त्यामुळे हे फारसं लागू नाही. पण डिव्हिजन १ चा, म्हणजे वरच्या गटातला, कोच घरी आला तर संकोच सोडून विचारा. कुठलं आरोपपत्र आलंय का, लेव्हल १ आहे का, तुमचं नाव आहे का, तुमचा करार किती वर्षांचा. आणि तुम्ही गेलात तर आमच्या करारातून बाहेर पडताना पैसे परत द्यावे लागतील का, हे कोचला नाही, कागदाला विचारा, म्हणजे वकिलाकडून वाचून घ्या, आता हे खरेखुरे करार आहेत. एएयूच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब टीमचा कुणी "काका" बूट, विमानाचं तिकीट, भाडं वगैरे प्रेमाने देत असेल तर आधी तो कुणाचा माणूस आहे ते शोधा.

आणि व्हिसा. पोरगं एफ-१ वर असेल तर एनआयएलचे पैसे घेणं म्हणजे इमिग्रेशनशी खेळ, एच-४ वर कामाची परवानगी नाही, तिथे एनसीएए राहिली बाजूला, यूएससीआयएसची, म्हणजे इमिग्रेशन खात्याची, चौकशी लागायची. त्यात कोच मध्यस्थी करायला येत नाही.

भाच्याचं एमएस २०२५ ला झालं, नोकरी दुसऱ्या राज्यात लागली, टीम तीच आहे. परवा त्याने मला एका कॉलेजच्या चौकशीची बातमी पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, पेपर कुठला आलाय आणि यांचा मेन पोरगा कुठल्या वर्षाला आहे?"